ठाऊक नसण्याचा धंदा

‘द ट्रूमन शो’ हा हॉलिवुडचा सिनेमा जून १९९८मध्ये अमेरिकेत झळकला, तेव्हा ‘रिॲलिटी शो’ हा शब्द घरोघरी पोहोचलेला नव्हता. नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू व्हायला अजून सव्वा वर्ष होते, अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ यायला जवळजवळ दोन, आणि हिंदीत ‘बिग बॉस’ यायला आठ. त्यामुळे या सिनेमाला भविष्यवाणी म्हणायची रीत पडून गेली आहे. कॅमेरे सगळीकडे असतील, खासगी असे काही उरणार नाही, सामान्य माणसाचे आयुष्य हीच करमणूक होईल, हे त्याने आधीच ओळखले होते असे कौतुक दर वर्धापनदिनाला होते. कौतुक खोटे नाही. पण त्यात सिनेमाची धार बोथट होते. कॅमेरे तर बँकेतही असतात, रेल्वे फलाटावरही असतात. तिथले चित्रण कोणी चवीने बघत बसत नाही. पटकथाकार अँड्र्यू निकोल आणि दिग्दर्शक पीटर वेअर यांना जे सापडले ते याहून बारीक आणि बोचरे आहे: समोरच्या माणसाला काहीतरी ठाऊक नाही आणि आपल्याला ते ठाऊक आहे, यात पाहणाऱ्याला एक वेगळीच गोडी असते. ती गोडी विकता येते. पुढच्या पंचवीस वर्षांत रिॲलिटी टीव्हीने नाना रूपे घेतली, पण दुकानातला माल तोच राहिला.

कथा थोडक्यात अशी. ट्रूमन बर्बँक हा विमा कंपनीत नोकरी करणारा, तिशीच्या उंबरठ्यावरचा, हसतमुख माणूस. सीहेवन नावाच्या टुमदार बेटावर राहतो. बायको परिचारिका आहे, लहानपणापासूनचा एक जिवलग मित्र आहे, शेजारी रोज हात हलवून शुभेच्छा देतात. त्याला ठाऊक नाही ते इतकेच की हे बेट म्हणजे अवाढव्य घुमटाखाली उभारलेला सेट आहे, सूर्य-चंद्र दिव्यांचे आहेत, आणि आई, बायको, मित्र, पेपरवाला असे सगळे पगारी नट आहेत. कंपनीने कायदेशीर दत्तक घेतलेले हे जगातले पहिले मूल. जन्मापासून त्याचे आयुष्य पाच हजार कॅमेऱ्यांतून चोवीस तास जगभर दाखवले जाते आहे. आपण सिनेमात शिरतो तो कार्यक्रमाचा १०,९०९वा दिवस असतो. त्या सकाळी निरभ्र आकाशातून एक दिवा धाडकन रस्त्यावर पडतो. त्यावर व्याध ताऱ्याचे नाव असते. लगेच गाडीतला रेडिओ सांगतो की एका विमानाचे सुटे भाग पडले. मग एका संध्याकाळी समुद्रकिनारी पाऊस नेमका त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडू लागतो, आणि तो बाजूला सरकला की पाऊसही सरकतो. जिम कॅरीने ही भूमिका केली तेव्हा तो तोंडे वेडीवाकडी करणारा विनोदी नट म्हणूनच प्रसिद्ध होता. इथे त्याने ती सगळी लवचीकता एका भोळ्या, जरा जास्तच आनंदी चेहऱ्यात कोंडली. गोल्डन ग्लोब मिळाले, ऑस्करचे साधे नामांकनही नाही. अकादमीच्या चुकांच्या यादीत ही चूक बरीच वर ठेवावी लागेल.

या कार्यक्रमात जाहिरातींसाठी खंड नाही, कारण आयुष्यात खंड नसतो. म्हणून जाहिराती आयुष्यातच पेरलेल्या. दोन जुळे म्हातारे रोज सकाळी ट्रूमनला रस्त्यात गाठून गप्पा मारता मारता हळूच भिंतीशी रेटतात, कारण त्या भिंतीवर कोंबडीच्या मांसाचे पोस्टर असते आणि कॅमेऱ्यात चेहऱ्यासोबत ते दिसायला हवे. सगळ्यात जहरी प्रसंग स्वयंपाकघरातला आहे. संशयाने पोखरलेला ट्रूमन बायकोला आर्जवाने विचारतो की तू माझ्याशी अशी का वागतेस, तुला माझे तोंडही बघवत नसताना माझ्यापासून मूल का हवे आहे. त्याच्या आयुष्यातला हा बहुधा पहिला खरा प्रश्न. बायको क्षणभर गोंधळते आणि कोकोचा एक डबा उचलून, चेहऱ्यावर जाहिरातीतले हसू आणून, त्यात कृत्रिम काही नसल्याचे हवेत कुणाला तरी सांगू लागते. ट्रूमन चक्रावून विचारतो, तू बोलते आहेस कुणाशी? लॉरा लिनी हा डबा ज्या घाबरलेल्या सफाईने धरते, त्यात सगळे आले. प्रश्न नवऱ्याचा आहे, उत्तर मात्र प्रेक्षकांना दिले जाते आहे. खोलीत दोनच माणसे दिसत असली तरी त्यातल्या एकालाच ठाऊक आहे की तिसरे कोणीतरी हजर आहे.

कार्यक्रमाचा कर्ताधर्ता क्रिस्टोफ सिनेमाच्या अगदी सुरुवातीलाच आपला माल काय आहे ते सांगून टाकतो. नटांच्या नकली भावनांना लोक कंटाळले आहेत, असे त्याचे म्हणणे. ट्रूमनभोवतीचे जग बनावट असेल, पण ट्रूमनमध्ये बनावट काही नाही. हा युक्तिवाद चलाख आहे आणि एका अर्थी खराही. खऱ्या भावनेसाठी ती भावना असणाऱ्याला कळता कामा नये की आपल्याला पाहिले जात आहे. म्हणजे अज्ञान हा इथे कच्चा माल. तो कसा टिकवायचा, हे पुलावरच्या प्रसंगात दिसते. रात्री अर्धवट बांधलेल्या पुलाच्या टोकाशी ट्रूमन आणि मित्र मार्लन बिअर घेऊन बसले आहेत. सगळे जग माझ्याविरुद्ध कटात सामील आहे असे वाटते, असे ट्रूमन सांगतो. मार्लन डोळ्यांत पाणी आणून म्हणतो की तसे असेल तर मीही त्या कटात असायला हवा, आणि तुझ्याशी खोटे बोलणे ही मी कधीही न करण्यासारखी गोष्ट आहे. कॅमेरा नियंत्रणकक्षात जातो तेव्हा कळते की हे वाक्य क्रिस्टोफ शब्दाशब्दाने त्याच्या कानातल्या यंत्रात सांगतो आहे. पाठोपाठ धुक्यातून ट्रूमनचा बाप येतो. तो समुद्रात बुडाला असे ट्रूमनला लहानपणी दाखवले होते, ते त्याला पाण्याची दहशत बसावी आणि त्याने बेट कधी सोडू नये म्हणून. धुके जरा कमी करा, आता हा कॅमेरा, आता संगीत वाढवा, अशा सूचना क्रिस्टोफ देतो. बाप-लेक मिठी मारतात. कक्षातले कर्मचारी एकमेकांचे अभिनंदन करतात आणि जगभरचे प्रेक्षक हुंदके देतात. क्रिस्टोफच्या भूमिकेतला एड हॅरिस हे सगळे पूजेला बसल्यासारख्या गांभीर्याने करतो. ट्रूमनचे अश्रू खरे आहेत. तेवढे सोडून त्या चौकटीत खरे काही नाही, आणि त्या अश्रूंना भाव येतो तो याच फरकामुळे.

वेअरची खुबी ही की प्रसंग बाहेरून दाखवून तो थांबत नाही. सिनेमाची सुरुवातीची नामावली ही ट्रूमनच्या कार्यक्रमाची नामावली आहे. पुष्कळ दृश्ये कडा काळवंडलेल्या चौकटीतून दिसतात, जणू कुणाच्या कोटाच्या बटणातून किंवा गाडीच्या रेडिओतून चोरून पाहावीत तशी. म्हणजे तिकीट काढून सिनेमागृहात बसलेला माणूस पहिल्या मिनिटापासून क्रिस्टोफचाच प्रेक्षक होतो. पडलेल्या दिव्याचे कारण त्याला ट्रूमनच्या आधी कळते आणि तो हसतो. मधूनमधून पडद्यावरचे प्रेक्षक दिसतात: बारमधल्या वेट्रेस, ट्रूमनचे चित्र असलेली उशी घेऊन बसलेल्या दोन वृद्धा, बाथटबमधून न उठणारा एक गृहस्थ, जपानमधले एक कुटुंब. यांतला एकही दुष्ट नाही, आणि व्यंग खरे तर इथेच आहे. हे लोक ट्रूमनवर प्रेम करतात, त्याच्यासाठी रडतात, तो पळून जाऊ लागला की त्याच्या सुटकेसाठी जीव टाकतात. पण त्या प्रेमानेच कार्यक्रम तीस वर्षे चालला. त्यांनी ट्रूमनचा द्वेष केला असता, किंवा त्यांना त्याचा नुसता कंटाळा आला असता, तर तो मुलगा कधीच सुटला असता. निकोलच्या मूळ पटकथेत गोष्ट न्यूयॉर्कमध्ये घडत होती आणि सूर काळोखा होता. वेअरने ती उन्हात आणली आणि चित्रीकरणासाठी फ्लोरिडातले सीसाइड हे आखीवरेखीव, पेस्टल रंगांचे खरेखुरे गाव निवडले. हा बदल अचूक होता. काळोख्या गोष्टीत प्रेक्षकाला स्वतःची घृणा आली असती आणि तो चटकन बाजूला झाला असता. उन्हातल्या गोष्टीत तो रमतो.

या धंद्याचा इतिहास सिनेमाच्या बराच आधी सुरू होतो. अमेरिकेत ॲलन फंटचा ‘कँडिड कॅमेरा’ १९४८पासून टीव्हीवर होता. कुणाची तरी फजिती छुप्या कॅमेऱ्याने टिपायची आणि शेवटी त्याला सांगायचे की हसा, तुम्ही कॅमेऱ्यावर आहात. त्यात निदान हिशेब पुरा होई. पाहणाऱ्याला जे ठाऊक ते काही मिनिटांत त्या माणसालाही कळे. १९७३मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ ही बारा भागांची मालिका आली. तिथे कॅमेरा लपवलेला नव्हता. सांता बार्बराच्या लाउड कुटुंबाने १९७१मध्ये सात महिने चित्रीकरणाला घरात जागा दिली होती, आणि त्या काळात नवरा-बायकोचे नाते मोडले तेही कॅमेऱ्यासमोर. मालिका प्रसिद्ध झाल्यावर कुटुंबाने तक्रार केली ती चित्रीकरणाबद्दल फारशी नव्हती. सुमारे तीनशे तासांतून बारा तास निवडताना आपले जे रूप तयार झाले ते आपले नाही, अशी ती तक्रार होती. इथे एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. माणसाला कॅमेरा दिसतो, पण त्या कॅमेऱ्यातून कोणती गोष्ट शिवली जाणार हे दिसत नाही. ट्रूमनला कॅमेऱ्याचाच पत्ता नव्हता. लाउड कुटुंबाला कॅमेऱ्याचा होता, कथेचा नव्हता.

आणि मग जपान. सिनेमा पडद्यावर आला त्याच वर्षी, त्याच्याही आधी, जानेवारी १९९८मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनच्या एका कार्यक्रमाने होतकरू विनोदवीरांची निवड चिठ्ठ्या टाकून केली. ज्याचे नाव निघाले तो लांबोळक्या चेहऱ्यामुळे ‘नासुबी’, म्हणजे वांगे, या टोपणनावाने ओळखला जाई. त्याला एका खोलीत नेऊन अंगावरचे सगळे कपडे उतरवायला सांगितले. खोलीत टेलिफोन, पोस्टकार्डे आणि मासिकांचे गठ्ठे. अन्न नाही, वस्त्र नाही. मासिकांतल्या बक्षीस-सोडतींना पत्रे पाठवायची आणि जी बक्षिसे येतील त्यांवर जगायचे. बक्षिसांची किंमत दहा लाख येन झाली की सुटका. तांदूळ आले तर शिजवायला भांडे नव्हते. तांदूळ संपले तेव्हा बक्षिसात आलेले कुत्र्याचे खाद्य त्याने खाल्ले. अकरा महिने हे चालले. चित्रीकरण होते आहे हे त्याला ठाऊक होते. ते दर आठवड्याला देशभर दाखवले जाते आहे, लोक पोट धरून हसताहेत आणि आपण त्या वेळच्या जपानमधल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एक झालो आहोत, याची मात्र त्याला कल्पना नव्हती. पडद्यावर त्याची नग्नता वांग्याच्या चित्राने झाकली जाई. दहा लाख येन पुरे झाल्यावर त्याला कोरियात नेले आणि तिथे पुन्हा एका खोलीत बसवले: आता परतीच्या प्रवासाचा खर्च जिंकून दाखव. तो प्रकारही संपल्यावर त्याला आणखी एका खोलीत नेण्यात आले. सवयीने त्याने कपडे काढले, आणि खोलीच्या भिंती चारी बाजूंना कोसळल्या. बाहेर स्टुडिओ होता आणि टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. क्रिस्टोफच्या कल्पनाशक्तीलाही इतके सुचले नव्हते. नासुबीवरचा ‘द कंटेस्टंट’ हा माहितीपट २०२३मध्ये आला.

नासुबीबद्दल हमखास निघणारा मुद्दा असा की खोलीचे दार बंद नव्हते. तो जाऊ शकत होता. क्रिस्टोफही सिनेमात हेच म्हणतो: ट्रूमनने खरोखर ठरवले तर आम्ही त्याला अडवू शकणार नाही, त्याला आपली कोठडीच आवडते. हा युक्तिवाद नीट तपासायला हवा, कारण रिॲलिटी टीव्हीचा सारा नैतिक डोलारा त्यावर उभा आहे. माणूस एखादी गोष्ट सोडतो किंवा धरून ठेवतो ते त्याला जे ठाऊक आहे त्याच्या जोरावर. रोज भुकेने कळवळताना लाखो लोक हसताहेत हे नासुबीला कळले असते, तर तो थांबला असता की निघाला असता, हे आपण सांगू शकत नाही. पण तो निर्णय त्याचा झाला असता. ट्रूमनच्या बाबतीत तर निर्णय घेण्याची शक्तीच बालपणी बापाला ‘बुडवून’ काढून घेतलेली. प्रवास-कंपनीच्या कचेरीत त्याच्यासमोर वीज कोसळलेल्या विमानाचे पोस्टर लावलेले असते. ज्याच्या माहितीवर दुसऱ्याचा ताबा आहे त्याच्या संमतीचे कौतुक सांगणे हा शुद्ध वकिली कावा आहे.

यावर आजचा निर्माता म्हणेल, आता काळ बदलला. आता स्पर्धक जाणते असतात. कॅमेरे कुठे आहेत ते त्यांना दाखवतात, करारावर सह्या होतात, मानधन ठरते, आणि बहुतेकजण प्रसिद्धीसाठी स्वतःहून रांगेत उभे राहतात. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो अर्धा मान्य करायला हवा. ‘बिग बॉस’च्या घरात जाणारा कलाकार भोळा ट्रूमन नसतो, पुष्कळदा तो प्रेक्षकांपेक्षा धूर्त असतो. पण तो जाणतो काय? चोवीस तासांचे चित्रण तासाभरात येते तेव्हा कोणते वाक्य उचलले गेले, कोणत्या हुंदक्यावर कोणते संगीत चढले, आपण या आठवड्यात खलनायक झालो की बिचारे, हे त्याला कळत नाही. संकलक मंडळींत ‘फ्रँकनबाइट’ नावाचा शब्द आहे: वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून न बोललेले वाक्य तयार करणे. अमेरिकेतील अशा करारांचे जे नमुने बाहेर आले आहेत, त्यांत आपले चित्रण कसेही झाले तरी तक्रार करणार नाही, अशा आशयाची कलमे आढळतात. २००६मध्ये ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या कार्यक्रमाचे कथानक रचणाऱ्यांनी आपल्याला लेखक म्हणून मान्यता मिळावी यासाठी संप केला. ज्या कार्यक्रमाला लेखक नसतो असे लोकांना वाटत होते, त्याचे लेखक संपावर गेले, हा विनोद निकोललाही सुचला नसता. म्हणजे कॅमेऱ्याबद्दलचे अज्ञान संपले, कथेबद्दलचे शाबूत राहिले. विकायला तेवढे पुरते.

‘बिग बॉस मराठी’ बघणाऱ्यांना हे लांबून समजवायची गरज नाही. आठवडाभर कोण कोणाच्या पाठीमागे काय बोलले हे प्रेक्षकाला ठाऊक, घरातल्यांना नाही. महेश मांजरेकरांच्या काळात शनिवार-रविवारची ‘चावडी’ आणि रितेश देशमुखांच्या पर्वातला ‘भाऊचा धक्का’ यांची सगळी रंगत याच साठवलेल्या अज्ञानात होती. सूत्रधार बाहेरून येतो, आपण पाहिलेले घरातल्यांना थेंबाथेंबाने सांगतो, आणि आपण त्यांचे चेहरे बघतो. हाणामाऱ्या आणि टास्क यांची चर्चा पेपरांत होते. पण लोक थांबतात ते त्या चेहऱ्यांसाठी. स्पर्धकाला बाहेरचे वर्तमानपत्र, मोबाइल, घड्याळ न देण्याचा नियम शिस्तीसाठी आहे असे कोणी मानत असेल तर त्याने जरा विचार करावा. बाहेरची बातमी आत गेली की माल नासतो.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे आणि मला तो जास्त आवडतो. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त ठाऊक असणे, हा तर नाटकाइतकाच जुना आनंद. त्यात पाप कसले? ‘तो मी नव्हेच’मध्ये समोरचा दिवाकर दातार, राधेश्याम महाराज हे सगळे एकच लखोबा आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि फसणाऱ्या बायकांना नसते, नाटक चालते ते त्यावरच. अगदी बरोबर. पण रंगमंचावर फसणारी स्त्री ही नटी आहे, तिला नाटक पाठ आहे, पडदा पडल्यावर ती आणि लखोबा एकत्र चहा पितात. तिचे अज्ञान हे कौशल्य आहे, आणि त्याचे श्रेय व पैसे तिला मिळतात. खऱ्या माणसाचे अज्ञान त्याच्याकडून न विचारता काढून घेतलेले असते. प्रेक्षकाला मिळणारा आनंद दोन्हीकडे सारखाच असू शकतो, तो खोटा ठरत नाही. बिल कोणाच्या नावावर फाडले जाते एवढाच फरक आहे, आणि नीतीचा प्रश्न बिलाचाच असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. २०२३मध्ये ‘ज्युरी ड्यूटी’ नावाची आठ भागांची अमेरिकन मालिका आली. एका सामान्य तरुणाला सांगितले की ज्युरीच्या कामावर माहितीपट होतो आहे. प्रत्यक्षात खटला खोटा, न्यायाधीश, वकील, बाकीचे ज्युरर सगळे नट. जेम्स मार्सडन हा प्रसिद्ध नट स्वतःचीच फुगवलेली आवृत्ती वठवत होता. सुमारे तीन आठवडे त्या तरुणाभोवती विचित्र प्रसंग घडवले गेले आणि प्रत्येक वेळी तो समंजसपणे, मायेने वागला. शेवटी त्याला सगळे सांगितले, पडद्यामागची यंत्रणा दाखवली, एक लाख डॉलर दिले. मालिका गाजली ती त्याच्या चांगुलपणामुळे, आणि त्यानेही तो अनुभव मनापासून स्वीकारला. मग यात वाईट काय? वाईट फारसे नाही, हे कबूल करायला हवे; छळ करणारा कार्यक्रम आणि हा, यांना एका मापाने मोजणे अन्याय होईल. निर्मात्यांनी मुदत ठरवली होती, खुलासा पटकथेतच होता, आणि नायकाची टर उडवण्यापेक्षा त्याचे गुण उजळवणे हा हेतू होता. तरीही एक गोष्ट उरते. तो चांगला निघाला म्हणून सगळे गोड झाले. तो चिडला असता, कुणाला टाकून बोलला असता, घाबरून खोटे बोलला असता, तर त्याचे ते रूप जगापुढे आणायचे की नाही हा निर्णय कॅमेरे लावले गेले तेव्हा त्याच्या हातात नव्हता. चांगल्या माणसाला चांगला निर्माता भेटला, हा योगायोग आहे. त्याला नियम मानता येत नाही.

सिनेमाबद्दलही एक तक्रार नोंदवली पाहिजे. शेवटी ट्रूमनची होडी रंगवलेल्या आकाशाला धडकते, त्याला पायऱ्या आणि दार सापडते, तो वाकून अभिवादन करतो आणि निघून जातो. जगभरचे प्रेक्षक जल्लोष करतात. लगेच दोन सुरक्षारक्षक विचारतात की दुसरीकडे काय लागले आहे, आणि कार्यक्रमपत्रिका शोधू लागतात. या शेवटच्या टोल्याचे कौतुक खूप झाले आहे, आणि तो टोला आहेच. पण त्यामुळे दोष विसराळूपणाचा ठरतो: लोक फार लवकर विसरतात, असा. खरा दोष जल्लोषात आहे. तीस वर्षे ज्यांच्यासाठी तो कोंडला गेला तेच लोक त्याच्या सुटकेचे श्रेय घेतात, आणि सिनेमागृहातले आपणही त्यांच्यासोबत टाळी वाजवतो. वेअरने इथे आपल्याला जरा स्वस्तात सोडले. नासुबीच्या भिंती पडल्या तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि तो गोंधळून नग्नावस्थेत उभा होता. ते दृश्य या शेवटापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

सिनेमातला एक तपशील १९९८मध्ये सगळ्यांत अतिशयोक्त वाटला होता: बाळाला कंपनीने दत्तक घेणे. आज तोच तपशील सर्वांत कमी अतिशयोक्त उरला आहे, फक्त कंपनी मधे लागत नाही. जन्माच्या खोलीपासून मुलांचे चित्रण करून चॅनेल चालवणारे आई-बाप जगभर आहेत, मराठीतही आहेत. मुलाला मोबाइल दिसतो, कारण तो रोज समोर असतो. पलीकडे किती लोक आहेत, ते का हसताहेत, पंधरा वर्षांनी वर्गातला कोण हे उकरून काढेल, याची त्याला कल्पना असणे शक्यच नाही. खोटा धाक दाखवून, खाऊ लपवून, ‘आता तुला सोडून जाते’ म्हणून मुलाला रडवायचे आणि ते रडे टाकायचे, हा लहान व्हिडिओंचा एक ठरलेला प्रकारच झाला आहे. धुक्यातून बाप आणण्याइतका खर्चही त्याला लागत नाही. कायदे हळूहळू मागून येत आहेत. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची कमाई घरच्यांनी उडवल्याचे उघड झाले, आणि कॅलिफोर्नियाने १९३९मध्ये बालकलाकारांच्या पैशांना संरक्षण देणारा कायदा केला. इलिनॉय राज्याने जुलै २०२४पासून घरगुती व्हिडिओंत झळकणाऱ्या मुलांचा कमाईतला वाटा राखून ठेवणे बंधनकारक केले. फ्रान्सचा २०२०चा कायदा एक पाऊल पुढे आहे: मुलाला आई-वडिलांच्या संमतीशिवाय आपले व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी करता येते. पैसे परत देणे सोपे. हा कायदा निदान मुलाच्या नंतरच्या शहाणपणाला काही किंमत देतो.

भारतात बालकामगारविषयक २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. हे नियम चित्रीकरणाचा सेट डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. जिथे आईच निर्माती, बापच कॅमेरामन आणि सेट म्हणजे घरचा दिवाणखाना, तिथे परवानगी मागणार कोण आणि तास मोजणार कोण? हे नियम घरगुती चॅनेलांना स्पष्टपणे लागू करावेत आणि फ्रान्ससारखा व्हिडिओ काढून टाकण्याचा हक्क मुलांना द्यावा, ही मागणी आता पालक-संघटनांनी आणि बालहक्क आयोगांनी लावून धरायला हवी. तोवर प्रेक्षकाच्या हातात एकच गोष्ट आहे. रडवलेल्या मुलाचा व्हिडिओ समोर आला तर तो शेवटपर्यंत पाहू नका, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच पाठवू नका.